एक मर्मर आणि अकरा वर्षं: क्लॅरन्स डिमारच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

१९ एप्रिल १९११. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या पश्चिमेला अ‍ॅशलंड गावात मॅरेथॉनसाठी धावपटू जमले होते आणि शर्यत सुटण्याआधी डॉक्टर त्यांची तपासणी करत होते. बावीस वर्षांच्या क्लॅरन्स डिमारच्या छातीला स्टेथोस्कोप लागला तेव्हा हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये एक जास्तीचा आवाज ऐकू आला. डॉक्टरी भाषेत मर्मर. डिमारला सल्ला मिळाला की आज दमलास तर शर्यत सोडून दे, आणि वर्ष-दोन वर्षांत धावणं कायमचं थांबव.

त्या दिवशी त्याने शर्यत सोडली नाही. सुमारे साडेचोवीस मैलांचं अंतर २ तास २१ मिनिटं ३९ सेकंदांत कापून तो पहिला आला. कॅनडाच्या टॉम लाँगबोटने १९०७ मध्ये २:२४:२४ अशी वेळ नोंदवली होती. तो विक्रम डिमारने पावणेतीन मिनिटांनी मोडला. पण यानंतर बॉस्टनची शर्यत तो जिंकला थेट १९२२ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी. मधली अकरा वर्षं म्हणजे लांब पल्ल्याच्या धावपटूच्या आयुष्यातली सगळ्यात जोमाची मानली जाणारी वर्षं.

डिमार बॉस्टन एकूण सात वेळा जिंकला: १९११, १९२२, १९२३, १९२४, १९२७, १९२८ आणि १९३०. त्याच्याबद्दल लिहिलं जातं ते बहुतेक या सातच्या आकड्याभोवती. मला मात्र पहिल्या आणि दुसऱ्या विजयामधला काळ जास्त महत्त्वाचा वाटतो. एका तपासणीत उच्चारलेलं एक वाक्य एवढं कसं टिकलं, ते टिकायला आणखी काय काय कारणीभूत झालं आणि शेवटी खरं काय निघालं, हे या प्रकरणात जवळजवळ शेवटपर्यंत तपासता येतं. त्याचं कारण असं की डिमारच्या मृत्यूनंतर त्याचं हृदय प्रत्यक्ष पाहिलं गेलं आणि त्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

माणूस

डिमारचा जन्म ७ जून १८८८ चा, ओहायो राज्यातल्या मदीरा गावचा. तो आठ वर्षांचा असताना वडील गेले. घरात भावंडं बरीच, मिळकत नाही. आईने मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्स गाठलं. पुढे त्याची रवानगी बॉस्टन बंदरातल्या थॉम्पसन बेटावरच्या शाळेत झाली. गरीब आणि पोरक्या मुलांना शेती आणि हातची कला शिकवणारी ही निवासी शाळा. तिथे तो छपाई शिकला, आणि छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या त्या कामाने त्याला आयुष्यभर पोटाला दिलं. ऑलिंपिक पदक मिळवल्यावरही तो छापखान्यातला कामगारच होता. त्या काळी हौशी खेळाडूला धावण्याचे पैसे घेता येत नसत.

धावायला तो उशिरा लागला. व्हरमाँट विद्यापीठात शिकताना, स्वतःच्या खर्चासाठी शेतावर राबत असताना, विशीत पोचल्यावर त्याला क्रॉस कंट्रीची, म्हणजे मोकळ्या माळरानावरून धावण्याच्या शर्यतींची, ओळख झाली. १९१० मध्ये तो पहिल्यांदा बॉस्टन धावला आणि दुसरा आला. कॅनडाचा फ्रेड कॅमेरून त्याच्या एक मिनिट पुढे होता. सरावाची त्याची पद्धत त्याच्या दिवसातूनच आली होती. कामावर धावत जायचं, सोबत कोरडा शर्ट घ्यायचा, आणि सुटल्यावर पुन्हा धावत घरी. प्रशिक्षक नाही, संघाचं वसतिगृह नाही. दुसऱ्याने आखून दिलेलं वेळापत्रक त्याला कधी मानवलंच नाही.

या माणसाची दुसरी बाजू लक्षात घेतल्याशिवाय पुढचं समजत नाही. तो बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचा कट्टर अनुयायी होता. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायचा, बालवीरांचं पथक सांभाळायचा. एखादी गोष्ट योग्य की अयोग्य याचा तो फार विचार करायचा, आणि पटली नाही तर तोंडावर सांगायचा.

तो आवाज

अ‍ॅशलंडच्या डॉक्टरला आज दोष देणं सोपं आहे. मी आधी त्याच्या बाजूने पाहतो.

हृदयाची झडप नीट मिटत नसेल किंवा आकसली असेल, तर रक्ताच्या प्रवाहात खळबळ होते आणि ती कानाला ऐकू येते. झडपांचं नुकसान करणारा संधिवाताचा ताप त्या काळात सर्रास आढळायचा आणि त्याने तरुण माणसं जात. त्यामुळे मर्मर ऐकून सावध होण्यात गैर काही नव्हतं. अडचण अशी की धडधाकट, सडपातळ तरुणाच्या छातीतही असा आवाज येऊ शकतो, विशेषतः हृदय एका ठोक्याला भरपूर रक्त ढकलत असेल तेव्हा. लांब धावणाऱ्या माणसाचं हृदय नेमकं तेच करतं. घातक आवाज आणि निरुपद्रवी आवाज यांत फरक करायला डॉक्टरजवळ कान आणि बोटं सोडून दुसरं काही नव्हतं. हृदयाचा विद्युत आलेख काढणारी यंत्रं अमेरिकेत तेव्हा मोजक्याच ठिकाणी होती, आणि त्या आलेखात झडप दिसत नाही. झडपेची हालचाल दाखवणारी ध्वनिलहरींची तपासणी स्वीडनमधल्या लुंड इथे सुरू झाली ती १९५३ मध्ये, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षांनी.

शिवाय डॉक्टरांच्या डोक्यात ‘खेळाडूचं हृदय’ नावाची भीती बसलेली होती. १८९९ मध्ये स्वीडनचे डॉक्टर हेन्शेन यांनी स्कीइंग करणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी ठोकून त्यांची हृदयं मोठी झाल्याचं नोंदवलं होतं. हेन्शेन यांना त्यात आजार दिसला नव्हता, उलट अशा मोठ्या हृदयाचा माणूस जास्त काम करू शकतो असं त्यांचं म्हणणं होतं. तरी एरवीच्या वैद्यकात मोठं हृदय म्हणजे निकामी होत चाललेलं हृदय असंच समीकरण होतं. बॉस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंची तपासणी तर पहिल्या काही वर्षांपासूनच चालू होती. विल्यम्स आणि आर्नल्ड यांनी १८९९ मध्ये, ब्लेक आणि लॅराबी यांनी १९०३ मध्ये या धावपटूंवरची निरीक्षणं छापली. शर्यतीनंतर अनेकांच्या हृदयात मर्मर ऐकू येते आणि ती पुढे नाहीशी होते, हे त्यांतून दिसलं होतं. म्हणजे उत्तराचा एक तुकडा बॉस्टनमध्येच उपलब्ध होता. पण संशोधनाच्या पानावरची गोष्ट आणि शर्यतीच्या सकाळी घाईत दिलेला सल्ला यांची गाठ पडतेच असं नाही.

भीती अगदी निराधार होती असंही म्हणता येत नाही. डिमार १९१२ मध्ये स्टॉकहोम ऑलिंपिकची मॅरेथॉन धावला. कडक उन्हात झालेल्या त्या शर्यतीत पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याला उष्माघाताने नेलं होतं, हृदयविकाराने नाही. पण वर्षभरापूर्वी ‘तू धावू नकोस’ असं ऐकलेल्या माणसाला, त्याच रस्त्यावरून धावून आल्यावर, हा भेद कितपत दिलासा देईल?

थांबणं

स्टॉकहोममध्ये डिमार बारावा आला. २ तास ५० मिनिटं ४६ सेकंद. संघाच्या प्रशिक्षकांनी सराव, खाणं, झोप सगळं आपल्या हातात घेतलं होतं आणि त्यातच आपला जोम गेला असं त्याचं ठाम मत झालं. त्यानंतर तो मोठ्या शर्यतींपासून दूर गेला.

ही गोष्ट सांगताना सगळा भार डॉक्टरवर टाकण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे, कारण डिमारने स्वतःच त्याहून जास्त कारणं दिली आहेत. छातीतल्या आवाजाची धास्ती होतीच. पण त्यासोबत धर्माचा प्रश्नही होता: दुसऱ्याला हरवून नाव मिळवण्यासाठी धावणं हा अहंकार नाही का? मग शिक्षण. दिवसा छापखाना सांभाळून संध्याकाळी हार्वर्ड विद्यापीठाने बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या वर्गांना बसून त्याने १९१५ मध्ये पदवी घेतली. आणि नंतर महायुद्ध.

माझं वाचन असं आहे की यांतलं एकेकटं कारण त्याला थांबवायला पुरेसं नव्हतं. आवाज ऐकूनही तो १९११ ला धावला होता आणि १९१२ लाही. पण मनात आधीच ‘हे करावं की करू नये’ असा कलह चालू असताना डॉक्टरचं वाक्य एका पारड्यात जाऊन बसतं. धावण्याचा एरवीचा बचाव म्हणजे त्याने शरीर सुदृढ होतं. तोच बचाव डॉक्टरने काढून घेतला, आणि मग उरली ती फक्त जिंकण्याची हौस, जिच्याबद्दल त्याला स्वतःलाच शंका होती.

त्यात त्या सल्ल्याची फेरतपासणी झाल्याचं कुठे दिसत नाही. ‘सहा महिन्यांनी पुन्हा ये’ नाही, ‘दुसऱ्या कुणाला दाखव’ नाही. मुदत घातली ती धावण्याला. निदानाला मुदत नव्हती.

१९१७ मध्ये तो बॉस्टनला परतला आणि तिसरा आला. लगेच सैन्यात भरती होऊन युरोपात गेला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकच्या अमेरिकन संघात तो नव्हता. त्या मॅरेथॉनमध्ये आपल्याकडचे बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले धावले आणि एकोणिसावे आले. चौगुले पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यतींतून निवडले गेले होते. त्या ऑगस्टमध्ये डिमार शर्यतीत असता तर काय झालं असतं, याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. पण त्या वेळी तो बत्तीस वर्षांचा होता आणि दोन वर्षांतच तो काय करून दाखवणार होता, ते आपल्याला माहीत आहे.

परत आल्यावर

१९२२: २ तास १८ मिनिटं १० सेकंद. अ‍ॅशलंडहून सुटणारी तीच शर्यत, आणि ११ वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या वेळेपेक्षा साडेतीन मिनिटांनी कमी. मधल्या काळात त्याचा विक्रम १९१२ मध्ये माइक रायनने आणि मग १९२१ मध्ये फ्रँक झुनाने मोडला होता. डिमारने तो परत घेतला. १९२३ मध्ये पुन्हा पहिला. १९२४ मध्ये सुरुवात हॉपकिंटन गावी हलवून अंतर वाढवलं गेलं, त्यातही पहिला, २:२९:४० मध्ये. ती वेळ त्या वेळी मॅरेथॉनमधली जगातली सर्वोत्तम वाटली होती. पुढे मोजणी झाली तेव्हा मार्ग १७६ यार्ड कमी भरला, आणि १९२७ पासून पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावलं जाऊ लागलं.

खरं आश्चर्य इथून पुढे आहे. पूर्ण अंतरावर डिमार बॉस्टन तीनदा जिंकला. १९२७ मध्ये अडतिसाव्या वर्षी २:४०:२२. १९२८ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी २:३७:०७. १९३० मध्ये एकेचाळिसाव्या वर्षी २:३४:४८. १९२७ ला ऊन फार होतं हे धरलं, तरी वय वाढत असताना वेळ कमी होत गेली आहे. एकेचाळीस वर्षं दहा महिन्यांच्या वयात बॉस्टन जिंकणारा तो आजही पुरुषांमधला सर्वांत वयस्क विजेता आहे. न जिंकलेल्या वर्षांतही तो फार मागे नव्हता: १९२५ ला दुसरा, १९२६ ला तिसरा.

१९२४ च्या जुलैमध्ये पॅरिस ऑलिंपिकला तो गेला तेव्हा स्टॉकहोमचा धडा त्याच्या लक्षात होता आणि सरावाबाबत तो आपल्याच मताने चालला. फिनलंडचा अल्बिन स्टेनरूस पहिला, इटलीचा रोमिओ बेर्तिनी दुसरा आणि डिमार तिसरा, २:४८:१४ मध्ये. मॅरेथॉनमध्ये अमेरिकेला पुढचं पदक मिळायला १९७२ उजाडलं, म्युनिकमध्ये फ्रँक शॉर्टर जिंकला तेव्हा. त्यानंतर डिमार १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकलाही धावला. तिथे तो सत्ताविसावा आला.

त्याच सुमारास तो न्यू हॅम्पशायरमधल्या कीन गावी शिक्षकांच्या विद्यालयात छपाई शिकवू लागला. लग्न केलं, मुलं झाली, शेती केली, बॉस्टन विद्यापीठाची एम. ए. मिळवली. आणि शर्यती चालूच. १९५४ मध्ये पासष्टाव्या वर्षी तो शेवटची बॉस्टन धावला, चार तासांच्या आत.

१९३७ मध्ये आलेल्या आत्मकथेत त्याने अ‍ॅशलंडच्या त्या डॉक्टरची आठवण लिहिली आहे. तो डॉक्टर वर्ष-दोन वर्षांत स्वतःच हृदयविकाराने गेला, आणि त्या दिवशी त्याने बहुधा स्वतःच्याच हृदयाचा आवाज ऐकला असावा, असं डिमारला वाटायचं. लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला तीत इतक्या वर्षांनी मोकळा झालेला माणूस दिसतो.

प्रयोगशाळा आणि शवविच्छेदन

वैद्यकाबद्दल डिमारने मनात अढी धरली असती तर हे प्रकरण इथेच संपलं असतं. तसं झालं नाही. हार्वर्डमध्ये १९२७ साली थकव्याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा स्थापन झाली. डेव्हिड ब्रूस डिल आणि त्यांचे सहकारी कामाने शरीरात काय बदल होतात हे मोजत होते, आणि डिमार त्यांच्यासाठी फिरत्या पट्ट्यावर धावला. ज्या वेगाला इतरांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल (स्नायूंना प्राणवायू कमी पडला की वाढणारं आम्ल) साचत जायचं, त्या वेगाला डिमारच्या रक्तात ते विश्रांतीच्या पातळीहून जेमतेम वर जाई. त्याच्या स्नायूंना लागेल तेवढा प्राणवायू पोचत होता. तो पोचवणारा पंप म्हणजे तेच हृदय, जे १९११ मध्ये बाद ठरवलं गेलं होतं.

११ जून १९५८ रोजी, सत्तरी पूर्ण करून चारच दिवस झाले असताना, डिमार कर्करोगाने गेला. त्याच्या आदल्या वर्षी, शस्त्रक्रिया झालेली असतानाही, तो १५ किलोमीटरची एक शर्यत धावला होता.

१९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे जेम्स करेन्स आणि पॉल डडली व्हाइट यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये डिमारवर लेख लिहिला. व्हाइट म्हणजे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला तेव्हा बोलावलेले हृदयरोगतज्ज्ञ. सुमारे अर्धशतक धावलेल्या माणसाचं हृदय कसं दिसतं याचं हे वर्णन होतं. वजन ३४० ग्रॅम, म्हणजे भलतं वाढलेलं नाही. झडपा निरोगी. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची रुंदी मात्र नेहमीच्या माणसाच्या दोन ते तीन पट. त्यांच्या भिंतींवर वयोमानाने येणारा थोडा मेदाचा थर होता, पण पोकळी एवढी मोठी की रक्ताला अडथळा नव्हता.

झडपा निरोगी होत्या हे मला या लेखातलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाटतं. लोक मात्र धमन्यांचीच गोष्ट सांगत राहिले.

एका हृदयावरून किती सांगायचं

धमन्यांच्या त्या आकड्याचंही पुढे एक प्रकरण झालं. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियाचे डॉक्टर टॉमस बॅसलर असं मांडू लागले की मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या, धूम्रपान न करणाऱ्या माणसाला धमन्या तुंबण्याच्या रोगापासून संरक्षण मिळतं. अशा हवेत डिमारचं हृदय पुरावा म्हणून पुढे येणं साहजिक होतं. १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी, करेन्स आणि व्हाइट यांचा लेख ज्या नियतकालिकात आला होता त्यातच, मॅरेथॉन धावपटूंची शवविच्छेदनं मांडली. त्यांच्या धमन्या तुंबलेल्या होत्या. १९८४ मध्ये अमेरिकेत धावण्याचा प्रसार करणारे जिम फिक्स धावताना गेले, वय ५२, आणि त्यांच्याही धमन्या तुंबलेल्याच निघाल्या.

म्हणजे १९११ मध्ये एका आवाजावरून ‘हा धावला तर मरेल’ असा निष्कर्ष काढला गेला, तर सत्तरच्या दशकात ‘धावणारा या रोगाने मरत नाही’ असा. दोन्हीकडे पुराव्याच्या मानाने विधान फार मोठं होतं. डिमारच्या धमन्या धावण्यामुळे रुंद झाल्या, की जन्मतःच रुंद असल्यामुळे तो इतका धावू शकला, हे एका शवविच्छेदनावरून ठरत नाही. विसाव्या वर्षी त्या केवढ्या होत्या हे कुणी पाहिलेलं नाही. १९९३ मध्ये हॅस्केल आणि सहकाऱ्यांनी अतिदीर्घ पल्ल्याच्या धावपटूंच्या धमन्या ते जिवंत असताना मोजल्या. विश्रांतीच्या वेळी त्या बैठं काम करणाऱ्यांच्या धमन्यांएवढ्याच होत्या. नायट्रोग्लिसरीन हे धमन्या फुलवणारं औषध दिल्यावर मात्र त्या बऱ्याच जास्त फुलल्या. सरावाने बदलते ती मुख्यतः फुलण्याची क्षमता, असं त्यातून दिसतं. डिमारच्या बाबतीत जन्म आणि सराव या दोन्हींचा वाटा असावा असं मला वाटतं. ते सिद्ध करता येणार नाही.

सिद्ध करता येतं ते एवढंच, की संशय झडपांवर होता आणि त्या सत्तराव्या वर्षीही निरोगी होत्या. आज कुणा धावपटूच्या हृदयात मर्मर ऐकू आली, तर झडपांची हालचाल पडद्यावर पाहून थोड्याच वेळात तिचा निकाल लावता येतो, आणि तो लागेपर्यंत शर्यतीला न उतरण्याचा सल्ला रास्तच असतो. १९११ च्या डॉक्टरला ती सोय नव्हती. त्याच्या हाती एकच गोष्ट होती. ‘मला आवाज ऐकू आला’ आणि ‘तू धावणं थांबव’ या दोन वाक्यांमध्ये ‘पण त्याचा अर्थ मला नक्की सांगता येत नाही’ हे तिसरं वाक्य उच्चारणं. ते ऐकलं असतं तरीही डिमार कदाचित अभ्यासासाठी, धर्मासाठी, युद्धासाठी थांबला असता. पण मग ते थांबणं सर्वस्वी त्याचं स्वतःचं असतं.